सौरज्वालेच्या एक्स-रेचं मॉडेल बसवताना या चुका टाळा

शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या कॉलेजात एमएस्सीच्या प्रोजेक्टला सौरज्वालेचा एक्स-रे स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले याचा आलेख) घेतला, की गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. काय-स्क्वेअर (मॉडेल डेटाशी किती जुळतं याचं माप) एकच्या आसपास, म्हणजे फिट चांगलं, आलेख देखणा. मॉडेलमधून निघणारी, ज्वालेत वेग घेतलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मात्र भलतीच.

आधी खालचा कटऑफ, म्हणजे मॉडेलमधल्या इलेक्ट्रॉनांची किमान ऊर्जा, बघा. डेल्टा (ऊर्जा वाढते तसे इलेक्ट्रॉन किती झपाट्यानं घटतात तो घातांक) ५ असेल आणि वरचा स्पेक्ट्रम तोच ठेवून कटऑफ २० केईव्हीवरून (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) १० वर आणला, तर एकूण ऊर्जा आठपट होते. फिटला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण त्या पट्ट्यात तापलेल्या प्लाझ्माचे एक्स-रे इलेक्ट्रॉनांची खूण झाकून टाकतात. म्हणून कटऑफ मोकळा सोडू नका. १० वर गोठवून बाकीचं फिट करा, मग दोन-दोन केईव्हीनं वाढवत न्या. काय-स्क्वेअर बिघडण्याआधीची सर्वांत मोठी किंमत घ्या आणि अहवालात ऊर्जा ‘किमान इतकी’ असंच लिहा. नेमका आकडा छापणं म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक.

वरचा कटऑफ, म्हणजे इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा, फिटच्या टोकाला, म्हणजे समजा ५० केईव्हीला, ठेवला तर मॉडेल तिथं उगाच कोसळतं. ५० केईव्हीचा फोटॉन त्याहून जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉनच देतात. हा कटऑफ हजारो केईव्हीवर ठेवून द्या.

थिक (इलेक्ट्रॉनांना पूर्ण थांबवणारं) आणि थिन (त्यांची थोडीच ऊर्जा घेणारं) टार्गेट यांची गल्लत तर नेहमीचीच. फोटॉनांचा गॅमा (त्यांच्या स्पेक्ट्रमचा तसाच घातांक) ४ असेल तर थिकमध्ये डेल्टा ५, थिनमध्ये ३. ज्वालेच्या चुंबकीय लूपच्या पायथ्याशी इलेक्ट्रॉन घनदाट क्रोमोस्फिअरमध्ये (सूर्याच्या वातावरणाच्या खालच्या थरात) पूर्ण थांबतात, तिथं थिकच लावा.

३० ते ५० केईव्हीत फुगवटा दिसला की लगेच दुसरी इलेक्ट्रॉन-झुंड जोडायची घाई नको. फोटोस्फिअरवरून (सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागावरून) उलट फिरलेले एक्स-रे तिथंच भर घालतात, ज्वाला सूर्याच्या तबकडीच्या मध्याजवळ असेल तर जास्तच. आधी या परतलेल्या एक्स-रेंसाठीची अल्बेडो दुरुस्ती लावा. मोठ्या ज्वालेत पाइल-अपही तपासा: १० केईव्हीचे दोन फोटॉन एकदम आले की डिटेक्टर २० चा एक मोजतो.

आदित्य-एल१वरच्या हेलिओस या एक्स-रे उपकरणाचा (१० ते १५० केईव्ही) डेटा घेताना वेळ यूटीमध्ये (जागतिक वेळेत) धरा. आपल्याकडचे सकाळचे साडेअकरा म्हणजे तिथं ०६:००. पार्श्वभूमीची खिडकी (ज्वाला नसतानाचा, वजा करायचा कालखंड) साडेपाच तास सरकली, तर वजाबाकीत दुसरीच ज्वाला येऊ शकते.