किनाऱ्यावरून वसंतातले पक्षी-स्थलांतर कसे पाहावे

वसंतातले स्थलांतर पाहायला निघालेला नवखा निरीक्षक पहाटेचा गजर आठवणीने लावतो आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहायचे मात्र विसरतो. किनाऱ्यावर सूर्यापेक्षा चंद्राची सत्ता अधिक चालते, हा धडा मी फुकटची पायपीट करून घेतला आहे. उजाडता उजाडता पोहोचलो, तर पाणी दूरवर ओसरलेले आणि सगळे पक्षी पार पलीकडच्या चिखलात तीळ सांडावेत तसे विखुरलेले होते.

उत्तर गोलार्धात हा हंगाम साधारणपणे मार्च ते मे असा असतो. तुतारी, चिखल्या, पाणटिवळा, कोरल यांसारखे किनारपक्षी ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलात चोच खुपसून किडे आणि शिंपले शोधतात. पाणी चढू लागले की ते हळूहळू किनाऱ्याकडे ढकलले जातात आणि शेवटी एखाद्या उंच वाळूच्या पट्ट्यावर दाटीवाटीने विसावतात. म्हणून पूर्ण भरतीच्या सुमारे दोन तास आधी जागा धरून बसावे आणि नंतर हलू नये. पक्ष्यांच्या मागे धावण्यापेक्षा पाण्याला त्यांना आपल्याकडे आणू द्यावे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा विसाव्याच्या जागाच बुडून थवे भलतीकडे निघून जाण्याचा संभव असतो. भांगाच्या, म्हणजे सर्वांत कमी भरतीच्या, दिवसांत पाणी पुरेसे चढत नाही आणि पक्षी लांबच राहतात. माझ्या मते या दोहोंमधले दिवस सर्वांत सोयीचे.

ओळख पटवण्याच्या दृष्टीने वसंत दयाळू आहे. हिवाळ्यात एकसारखे राखाडी दिसणारे हे पक्षी आता विणीच्या रंगात येऊ लागतात: बाकचोच तुतारी विटेसारखी तांबडी होते, तर करड्या चिखल्याचा चेहरा आणि पोट काळेभोर होते. हा बदल एका दिवसात होत नाही, त्यामुळे बरेच पक्षी ठिगळे लावलेल्या गोधडीसारखे दिसतात. अशा वेळी रंगावर विसंबू नये. चोचीची लांबी व बाक, पायांची उंची आणि चरण्याची लकब पाहावी. चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, टिपतो. तुतारी मान न वर काढता शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवीत राहते.

साधनांत ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरेशी आहे. तिवईवरची मोठी दुर्बीण असल्यास उत्तम, परंतु तिची वर्धनक्षमता २५ ते ३० पटींच्या पलीकडे नेण्याचा मोह टाळावा. वाऱ्याने थरथरणारे आणि उन्हाच्या लाटांनी वितळलेले मोठे चित्र स्थिर लहान चित्रापेक्षा निरुपयोगी ठरते. सूर्य पाठीशी राहील अशीच बैठक निवडावी.

उघड्या समुद्रावरून जाणारे सुरय, कुरव आणि स्कुआ पाहायचे असतील, तर समुद्रात घुसलेले भूशिर गाठावे आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहत असेल असा दिवस निवडावा, कारण तो पक्ष्यांना किनाऱ्याजवळ रेटतो. रात्री उडणाऱ्या लहान गाणाऱ्या पक्ष्यांचे गणित याहून वेगळे आहे. मेक्सिकोचे आखात ओलांडून सुमारे हजार किलोमीटर उडत आलेल्या पक्ष्यांना समोरून थंड वारा आणि पाऊस लागला, तर ते टेक्सासच्या किनाऱ्यावर दिसेल त्या झुडपात अक्षरशः कोसळतात. हाय आयलंड हे ठिकाण त्यासाठीच प्रसिद्ध आहे. शिकारी पक्षी आणि करकोचे पाण्यावर उष्ण हवेचे झोत मिळत नसल्यामुळे रुंद समुद्र टाळतात आणि जिब्राल्टरसारख्या, सर्वांत अरुंद भागात जेमतेम १४ किलोमीटर असलेल्या सामुद्रधुनीपाशी गोळा होतात.

विसावलेल्या थव्यापासून किती दूर राहावे, याचे उत्तर पक्षीच देतात. माना ताठ झाल्या किंवा सगळा थवा सरकू लागला, की आपण मर्यादा ओलांडली आहे असे समजून मागे यावे. बार-टेल्ड गॉडविट हा पाणटिवळा न्यूझीलंडहून निघून सुमारे १०,००० किलोमीटर न थांबता उडतो आणि पिवळ्या समुद्राच्या चिखलात उतरतो. पुढे अलास्कापर्यंत जाण्यासाठी त्याला तिथे आठवडेच्या आठवडे खाऊन चरबी साठवावी लागते. अशा पक्ष्याला छायाचित्रासाठी उडवणे म्हणजे त्याची शिदोरी सांडणे होय. चिखलात फार आत जाण्याचे साहसही करू नये, कारण पाणी अनेकदा ओहोळांतून आपल्या पाठीमागून भरते.

पायांकडे अवश्य पाहावे. पूर्व आशिया-ऑस्ट्रेलेशिया या स्थलांतर-मार्गावर पक्षी कुठे पकडला होता हे सांगणाऱ्या रंगीत पट्ट्या पायांत बसवण्याची पद्धत आहे: न्यूझीलंडची पांढरी, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याची नारिंगी. रंग, अक्षरे, पाय डावा की उजवा आणि पट्टी गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, एवढे टिपून त्या भागातील पक्षी-कडी योजनेला (पक्ष्यांच्या पायांत अशा खुणा घालून नोंदी ठेवणाऱ्यांना) कळवावे.

बहुतेक लोक भरती ओसरताच निघून जातात, पण अनुकूल वारा असलेल्या संध्याकाळी सूर्यास्तापर्यंत थांबावे. दिवसभर शांत असलेला एखादा लहान थवा एकाएकी कलकलाट करू लागतो, वर्तुळे घेत उंच चढतो, ओबडधोबड बाणासारखी रांग धरतो आणि उत्तरेकडे वळतो. दोन-चार पक्षी मात्र विचार बदलून परत वाळूवर उतरतात. गेलेले किती, परतलेले किती, घड्याळात किती वाजले आणि वारा कुठून होता, हे अंधार पडण्याआधीच वहीत लिहावे.