दुसरं मूल आणि नोकरी : ठरवण्याआधी काय काय करायचं

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एचआर बघते. बाळंतपणाच्या रजेचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. हल्ली जेवणाच्या सुट्टीत विषय एकच, दुसरं होऊ द्यायचं का? टीव्हीवर आंध्रचे चंद्राबाबू नायडू जास्त मुलं होऊ द्या म्हणतात, मोहन भागवत तीन म्हणतात. आंध्रने 2024 मध्ये स्थानिक निवडणुकांसाठीची दोन अपत्यांची अट काढून टाकली. आपल्याकडे मात्र तिसरं अपत्य असेल तर सरकारी नोकरीचं दार बंद, आणि मुलींसाठीच्या लेक लाडकी योजनेचे पैसे हवे असतील तर दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंब नियोजनाची अट. यातलं कुणीच सकाळी तुमचं लेकरू सांभाळायला येणार नाही. म्हणून भाषणं बाजूला ठेवा.

महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1992-93 मध्ये 2.9 होता, 2019-21 मध्ये 1.7 वर आला. कारणं पुष्कळ आहेत. पण माझ्यासमोर बसणारी बाई एकच विचारते, बाळाला बघणार कोण?

सुरुवात तिथूनच करा. नवऱ्याला शेजारी बसवा, वहीच्या पानावर दोघांच्या शिफ्टा मांडा आणि प्रत्येक तासापुढे मूल कुणाकडे, ते नाव लिहा. ‘बघू’ लिहायचं नाही. आमच्या असेंब्ली लाइनवरच्या एकीने असं केलं, तेव्हा दिसलं की काही आठवड्यांत ती अंबडला आणि नवरा सातपूरला, दोघंही फर्स्ट शिफ्टला. सातची शिफ्ट, पाथर्डी फाट्यावरून बस त्याच्या कितीतरी आधी, आणि पाळणाघर उघडणार आठला. सासूबाई निफाडला, द्राक्षांची काढणी सुरू झाली की त्या हलू शकत नाहीत. तिने पाचव्या महिन्यातच सुपरवायझरकडे शिफ्ट बदलून मागितली, लेखी. मिळाली. बाळंतपणानंतर मागितली असती तर तोवर तिच्या जागी दुसरी माणसं बसलेली असती.

आता रजा. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त 8 प्रसूतीआधी घेता येतात. तिसऱ्यासाठी 12 आठवडेच. अट एवढीच की, आधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे 80 दिवस काम झालेलं हवं. महिन्याचा पगार 21,000 च्या आत असेल तर पैसे ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, देते, तिथे वर्गणीच्या दिवसांचा हिशेब वेगळा असतो. तो सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला नाव घालतानाच नीट विचारून घ्या.

ठेकेदाराकडच्या बायकांनो, तुम्हाला सांगताना माझा जीव तुटतो, कारण ‘तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर, तुम्हाला रजा नाही’ हे तुम्हाला बिनधास्त ऐकवलं जातं. ते खरं नाही. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या, म्हणजे रोजंदारीच्या, कामगार बायकांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच निकाल दिलाय. पगाराच्या स्लिपा, हजेरी कार्ड, ईएसआयचा नंबर, सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ब्रेक देण्याची, म्हणजे मध्येच काही दिवस कामावरून कमी करण्याची भाषा सुरू झाली की हेच कामी येतं. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. अर्ज तोंडी नको. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला कुणी कां-कूं केलं तर स्पीड पोस्टाने पाठवा.

कंपनीत 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने करावी लागते, आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटता येतं. पुष्कळ ठिकाणी ती नसते. एकटीने मागू नका, पाच-सात जणी मिळून सह्या करून द्या.

खासगी नोकरीत बापाला रजा देणारा कायदा नाही. तेव्हा नवऱ्याने पीएल, म्हणजे हक्काची पगारी रजा, आत्तापासून साठवायची, गावच्या जत्रेत उडवायची नाही.

पाळणाघर सातव्या महिन्यातच बघून ठेवा. आधी न सांगता संध्याकाळी पाचला जा, त्या वेळी मुलं दमलेली आणि सांभाळणाऱ्या बाईही दमलेल्या असतात, खरं काय ते तेव्हाच दिसतं. ताप आला तर मूल घेतात का, फर्स्ट शिफ्टसाठी जादा पैसे देऊन लवकर उघडतील का, दिवाळीत किती दिवस बंद आणि तेव्हा तुमच्या कंपनीला सुट्टी आहे का, एवढं विचारूनच ॲडव्हान्स द्या.