लिव्हिंग विल: काय लिहायचं आणि कुठे अडतं

मालमत्तेचं मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. लिव्हिंग विल, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, त्याआधी लागतं: रुग्ण स्वतः काही सांगू शकत नाही आणि आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही, अशा वेळी. म्हणून दोन्ही एका कागदावर घालू नका. रुग्ण शुद्धीवर असून निर्णय घेऊ शकत असेल, तर त्याचा शब्दच चालतो. कागद बघायचं कारण नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी होती, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३च्या आदेशाने ती अट गेली. इंजेक्शन देऊन मरण आणणं मात्र आजही बेकायदाच आहे, ते लिहून ठेवलं तरी कुणी करणार नाही.

खरं काम मजकुराचं आहे. ‘मला नळ्या लावू नका’ एवढंच लिहिलं तर डॉक्टर अडकतात. कुठली नळी, कधी? न्यूमोनिया झाला आणि चार दिवस व्हेंटिलेटर लावून माणूस घरी येण्यासारखा असेल, तेव्हाही नको का? म्हणून आधी परिस्थिती लिहा, मग एकेक उपचार. उदाहरणार्थ: ‘मी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन आणि माझा आजार बरा होणार नाही असं वैद्यकीय मंडळांनी ठरवलं असेल, तर हृदय बंद पडल्यास सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न) करू नये. व्हेंटिलेटर आणि डायलिसिस सुरू करू नये. आधीच सुरू असल्यास बंद करावं. वेदना, धाप आणि घाबरेपणा कमी करणारी औषधं, मॉर्फिनसह, द्यावीत.’ नाकातल्या नळीने अन्न देण्याबद्दल वेगळं वाक्य हवंच, कारण घरात सगळ्यात जास्त वाद तिथे होतो. उपाशी ठेवलं असं कुणालाच ऐकून घ्यायचं नसतं. अँटिबायोटिक, रक्त, पुन्हा आयसीयूत हलवणं यांवरही होय किंवा नाही लिहा. शिवाय परिणाम समजून, कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत असल्याचं आणि हे कधीही रद्द करता येतं हे माहीत असल्याचं वाक्य घाला. वकील असलाच पाहिजे असं नाही. फॅमिली डॉक्टरांबरोबर अर्धा तास बसणं जास्त उपयोगाचं.

तुमच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तींची नावं, पत्ते, फोन नंबर लिहा. एकापेक्षा जास्त नावं चालतात. मोठा मुलगा म्हणून मोठा मुलगा नको. डॉक्टरांसमोर ठाम राहील आणि रात्री दोनला फोन उचलेल असं माणूस निवडा, मग ती भाची का असेना.

सही दोन साक्षीदारांसमोर करायची. शक्यतो ते वारस नसावेत. नंतर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन. स्टॅम्पपेपर लागतो असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. बदल करायचा झाला तर लेखीच करा आणि हीच प्रक्रिया पुन्हा करा. जुन्या प्रतीवर पेनाने खाडाखोड करू नका.

मग प्रती वाटा: नेमलेल्या व्यक्तींना, फॅमिली डॉक्टरांना आणि महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला. तिथे शिक्क्यासह पोच मागा. खिडकीवरच्या माणसाला हा विषयच ठाऊक नसेल, तर आवक विभागात द्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली प्रत ऐनवेळी कुणाच्याच कामाची नसते.

इस्पितळात प्रत दाखवल्यावर लगेच मशीन बंद होत नाही. आधी उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं प्राथमिक मंडळ मत देतं. नंतर दुसरं मंडळ. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८-४८ तासांत ठरवायचं असतं. न्यायदंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचं, त्यांची परवानगी लागत नाही. दुसऱ्या मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. इच्छापत्र नसेल तरी नातेवाइकांच्या संमतीने हाच मार्ग खुला असतो. फक्त तेव्हा परदेशातून येणाऱ्या मुलाची वाट बघत सगळे थांबतात. त्याला आजच व्हिडिओ कॉलवर कागद वाचून दाखवा.

घरीच जायचं असेल तर ‘डामा’वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर, सही करून रुग्णाला तसंच नेऊ नका. आधी पॅलिएटिव्ह केअरच्या (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरांकडून धाप, वेदना आणि घशातल्या घरघरीसाठी औषधं, डोस आणि फोन नंबर लिहून घ्या. नाहीतर मध्यरात्री घाबरून पुन्हा रुग्णवाहिका बोलावली जाते. मृत्यूनंतर शेवटच्या आजारात तपासणाऱ्या डॉक्टरने नमुना ४अ मध्ये मृत्यूचं कारण लिहून द्यावं लागतं. त्यावाचून अंत्यसंस्काराचा पास अडतो, म्हणून घरी येऊन तपासणारा डॉक्टर आधीच ठरवून ठेवा.