मिजेटच्या मागच्या मडगार्डची किनार कशी वाकवायची, न कापता

आमच्या मोठेबाबांची १९६८ ची एमजी मिजेट आहे, म्हणजे दोन सीटची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मार्क थ्री, १२७५ सीसीवाली. परतवाड्याच्या अलीकडे आमच्या वावरातल्या कोठ्यात ती कित्येक वर्षं उभी होती, वरून ताडपत्री, बाजूला पऱ्हाटीचा ढीग. मागच्या वर्षी बाहेर काढली, इंजिन सुरू झालं, ब्रेक केले, टायर मात्र दगड झाले होते. तिचा मूळ साइज १४५/८० आर १३, म्हणजे आपल्या जुन्या वॅगन-आरचाच, तालुक्यालाही मिळतो. पण मला थोडा रुंद पाहिजे होता म्हणून १६५/७० आर १३ टाकले, आणि पहिल्याच वळणावर मागून खर्रर्र आवाज. मागचा डावा टायर मडगार्डच्या आतल्या किनारीला घासत होता.

हिशोब करून पाहा. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिमचा व्यास इंचात. १४५/८० ची उंची येते ५६२ मिलिमीटर अन् १६५/७० ची ५६१, म्हणजे स्पीडोमीटरला काही फरक नाही, उंचीनं टायर अडकत नाही. फरक रुंदीचा आहे, २० मिलिमीटर, दोन्ही बाजूंना १०-१०. या १० मिलिमीटरसाठीच सगळा खटाटोप. १७५/७० मात्र उंचीलाही वाढतो, ५७५ होतो, त्याच्या नादी लागू नका. आणि १६५ ला रिम निदान साडेचार इंचाचा पाहिजे, अरुंद रिमवर टायर फुगतो आणि जास्तच घासतो.

आता किनारीला हात लावायच्या आधी एक गोष्ट पक्की करा, ती म्हणजे घासतंय ते किनारीमुळेच घासतंय का. या गाडीला मागं पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, आहेत (१९६४ पासून अर्धे-लंबगोल पाटे, त्याच्या आधीच्या मिजेटला पाव पाटे होते) आणि एक्सल आडवा सरकू नये म्हणून वेगळा रॉड काही नाही, सगळा भार पाट्यांवर आणि त्यांच्या रबरी बुशवर. बुश कुजले असले की वळणावर एक्सल सरळ बाजूला सरकतो. माझ्या गाडीचे बुश बोटानं तुकडे होऊन निघाले. ते आधी बदलले, यू-बोल्ट कसले, तेव्हा अर्धं घासणं तिथंच गेलं. पाटा एका बाजूनं बसला असेल तर तोही आधी सरळ करून घ्या, वरचं बंप-रबर आहे का तेही पाहा, ते नसलं की खड्ड्यात टायर वर जाऊन आपटतो आणि आपण उगाच मडगार्डला दोष देतो.

मग माप घ्या. गाडी सपाट फरशीवर, दोन्ही बाजूंनी टायरच्या बगलेपासून किनारीपर्यंत. दोन्हीकडं सारखं येईलच असं धरू नका, माझ्या गाडीत डावीकडं उजवीपेक्षा सहा-सात मिलिमीटर कमी भरलं. पण उभ्या गाडीचं माप अर्धवट असतं म्हणून मी डिकीत संत्र्याचे दोन भरलेले कॅरेट ठेवले, एक माणूस शेजारी बसवला, आणि किनारीच्या आतून काळ्या मातीचे सुपारीएवढे गोळे चिकटवले, जरा घट्ट मळलेले, आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर चार खड्डे आणि दोन वळणं घेऊन आलो. जिथले गोळे चपटे झाले तिथंच टायर लागतो. काळी माती याला फार चांगली, सुकायला वेळ लागतो आणि ठसा स्वच्छ उमटतो. चपट्या गोळ्यांच्या जागी खडूनं खूण करा, तेवढीच किनार वाकवायची आहे, पूर्ण गोल नाही.

कापायचं का नाही ते सांगतो कारण सगळे हाच सल्ला देतात, ग्राइंडर लावा, पाच मिनिटांत मोकळं. मागच्या मडगार्डची ती किनार म्हणजे नुसता दुमडलेला पत्रा नाही, बाहेरचा पत्रा आणि आतल्या चाकघराचा पत्रा तिथं एकमेकांना स्पॉट वेल्डिंगनं जोडलेले आहेत. किनार कापली की जोडच सुटतो आणि या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच ताकद आहे. माझ्या गाडीची उजवी बाजू मोठेबाबांच्या वेळी शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं थोडी कापली होती, तिथं दोन पत्र्यांत बोट जाईल एवढी फट पडली होती आणि आत गंज. दुसरं म्हणजे चाकाच्या कमानीचा आकार कंपनीनंसुद्धा एकदा बदलून पाहिला. १९७२ च्या मॉडेलपासून मागची कमान गोल केली, आणि १९७४ च्या शेवटी १५०० इंजिनाची रबरी बंपरवाली गाडी आली तेव्हा परत चौकोनी केली, कारण गोल कमानीनं मागची बॉडी कमजोर होत होती. कंपनीला परत फिरावं लागलं तिथं आपण ग्राइंडर घेऊन काय करणार. आणि गाडी पन्नास वर्षांवरची असली तर २०२१ च्या नियमानं तिची व्हिंटेज नोंदणी होते, नंबरात व्हीए येतं, पण चेसिस, बॉडी, इंजिन मूळ रूपात पाहिजे. ती संधी दहा मिलिमीटरसाठी घालवू नका.

कामाची तयारी. बॅटरीची तार काढा. पेट्रोलची टाकी या गाडीत डिकीच्या फरशीखाली असते, म्हणजे कमानीच्या अगदी शेजारी, म्हणून वेल्डिंग करायचं असलं तर टाकी पूर्ण उतरवून दूर नेऊन ठेवा, रिकामी आहे म्हणून जागेवर ठेवू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक. नुसती हीट गन वापरणार असाल तरी ब्रेकचा रबरी पाइप ओल्या गोणपाटानं झाका. चाक काढताना जॅक बॉडीला लावा, एक्सलला नाही, म्हणजे एक्सल खाली लोंबतो आणि टायर कमानीतून निघतो, तरी नाही निघाला तर हवा सोडा. आणि गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका, विटांवर तर अजिबात नाही.

किनार आतून तारेच्या ब्रशनं घासा. आपल्याकडची काळी माती तिथं जाऊन बसते आणि पावसाळाभर ओल धरून ठेवते, म्हणून गंज नेमका याच जोडात लागतो. पेचकसानं टोचून पाहा, आत गेला तर तो तुकडा आधी बदला, वीस गेजचा पत्रा आणि सीओटू वेल्डिंग, साध्या काडीच्या वेल्डिंगनं एवढा पातळ पत्रा जळून भोकं पडतात. बाहेरून स्पीकरचं जुनं चुंबक फिरवा, जिथं धरत नाही तिथं खाली पुट्टी आहे आणि ती वाकवताना नक्की तडकणार, ती आधीच खरवडून घ्या.

आता वाकवणं. मी हे काम आमच्या गावच्या डेंटरसोबत केलं, ट्रॅक्टरचे मडगार्ड आणि ट्रॉल्या करणारा माणूस, त्यानं एकदा हात फिरवला आणि म्हणाला, “भाऊ, याले दोन थराचा पत्रा हाय, घाई केली त फाटन.” त्यानंच पद्धत बसवली. टायर आणि किनार यांच्यामध्ये गोल दांडा अडकवून गाडी मागं-पुढं लोटायची, असं काही जण करतात, पण त्यात बाहेरचा पत्रा फुगतो आणि किती वाकलं ते आपल्या हातात राहत नाही. आम्ही बाहेरून सुती कापड गुंडाळलेली लोखंडी डॉली, म्हणजे पत्र्याला टेकू द्यायचा हातात मावणारा जड ठोकळा, धरली, आतून किनारीवर बाभळीचा ठोकळा ठेवून त्यावर हातोडी. लाकूड मध्ये असल्यानं पत्र्यावर घाव उमटत नाहीत. बाभूळच घ्या, सागवान दबतं.

आधी रंग गरम करा, हीट गननं, तळहात टेकवून ठेवता येणार नाही एवढा, फोड येईल एवढा नाही. मे महिन्यात करत असाल तर दुपारी गाडी उन्हात उभी करा, पत्रा आपोआपच तापतो. मग एका फेरीत वीस-पंचवीस अंशच वाकवायचं, खुणेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत गरम, परत फेरी. आमच्या चार फेऱ्या झाल्या, एका बाजूला दोन तास लागले. चौकोनी कमानीचा वरचा भाग जवळपास सरळ आहे, तिथं किनार सहज वर दुमडते. खरी परीक्षा कोपऱ्यांत आहे, तिथं किनार वर गेली की तिच्या कडेला जास्त लांबी लागते, पत्रा ताणावा लागतो आणि ताणला नाही गेला तर कडेला चीर पडते. म्हणून कोपऱ्यात हलके आणि जवळजवळ घाव घाला, आणि पूर्ण चपटं करायचा हट्ट नको, साठ-सत्तर अंश पुरतं. चीर दिसली की थांबा, टोकाला बारीक भोक पाडा म्हणजे ती पुढं धावणार नाही, मग वेल्डिंगचा टिपका. डावीकडं स्पॉट वेल्डिंगचे दोन टाके सुटले होते ते तिथल्या तिथं परत मारले.

यानंतरचं काम लोक सोडून देतात आणि तिथंच सगळं वाया जातं. दुमडलेल्या जागी रंग तडकलेलाच असतो, दिसत नाही एवढंच. घासून झिंक प्रायमर, तो सुकला की दोन पत्र्यांच्या जोडात सीम सीलर बोटानं दाबून भरा, फट राहू देऊ नका, मग रंग आणि वरून अंडरबॉडी कोटिंग. घडीच्या आत माती जायला जागाच राहिली नाही पाहिजे.

परत मातीचे गोळे लावले, परत दोन कॅरेट, आणि या वेळी चिखलदऱ्याचा घाट. परतवाड्यावरून वर जाताना एकामागून एक वळणं आहेत, डावं-उजवं दोन्ही, मधे रस्ता उखडलेला, यापेक्षा चांगली परीक्षा आपल्या भागात नाही. वर गेल्यावर पाहिलं तर उजवीकडचे सगळे गोळे शाबूत, डावीकडं मागच्या कोपऱ्यातला एकच जरासा दबलेला. घरी येऊन तो कोपरा अजून दोन मिलिमीटर आत घेतला, परत सीलर लावला. आता पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या आधी चाकं काढून पाण्याच्या फवाऱ्यानं कमानी धुवायच्या आणि सीलर कुठं उकललाय का ते बॅटरीच्या उजेडात पाहायचं.