कंपनी विकली जातेय? आधी निळी फाइल काढा

मागच्या महिन्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या एका एफओचा (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे विमानातला को-पायलट) रात्री साडेअकराला फोन. "मॅडम, आमची कंपनी घेतायत म्हणे. आता पगार कापणार का?" मी विचारलं, "तुझी जॉइनिंगची तारीख कोणती?" तो गडबडला. ऑफर लेटरवरची? का ट्रेनिंग सुरू झालं ती? का लाइनवर रिलीज झालो, म्हणजे ट्रेनिंग संपून नेहमीच्या उड्डाणांवर गेलो, ती? म्हटलं, हे बघ, आधी ह्याचं उत्तर शोध. पगाराचं नंतर बोलू.

मी जुहूच्या फ्लाइंग क्लबात शिकले, सत्तावीस वर्षं विमान उडवलं आणि त्या काळात दोन विलीनीकरणं अंगावर घेतली. कंपन्यांची नावं सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. पहिल्या खेपेला मी मूर्खासारखी दोन महिने पगाराच्या अफवा चघळत बसले. कमांड (कॅप्टनपद) कोणाला आधी ते ठरवणारी सिनियॉरिटीची यादी आली तेव्हा मी क्रू बसमध्ये होते, नाइट हॉल्ट आटपून परतलेली. फोनवर एक्सेल उघडून बोटाने खाली सरकवत गेले, सरकवतच गेले. माझा नंबर असायला हवा होता 171 आणि होता 212. एचआरने माझी जॉइनिंगची तारीख न धरता आठ महिन्यांनंतरची लाइन रिलीजची तारीख धरली होती. मधल्या काळात जे तयार टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान उडवायचा परवाना) घेऊन आले ते सगळे माझ्या डोक्यावर. हरकतीला सात दिवस होते, त्यातले पाच मी उडत होते. माझं अपॉइंटमेंट लेटर कुठे होतं? बहुतेक आईकडे, माळ्यावरच्या ट्रंकेत. कमांड अडीच वर्षं लांबली ती त्या ट्रंकेमुळे.

नवरा देना बँकेत होता. ती बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात गेली, तेव्हा त्याला काडीचाही त्रास झाला नाही. कारण त्याच्याकडे नेमणुकीपासूनचा प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावलेला. मला म्हणाला, "तुम्ही लोक चेकलिस्ट वाचल्याशिवाय इंजिन चालू करत नाही आणि नोकरी मात्र अंदाजपंचे करता." त्यानेच मला निळी फाइल आणून दिली. दुसऱ्या विलीनीकरणात तिच्याच जोरावर टिकले.

तर फाइल. बातमी नुसती कुजबुज असेल तेव्हाच करायला घ्या. ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर, कन्फर्मेशन, एफओचे सिनियर एफओ झालात ते पत्र, बेस बदलल्याचं पत्र. ट्रेनिंग बॉण्डची सही केलेली प्रत. त्यात रक्कम किती आणि मुदत कधी संपते ते पेन्सिलीने वर लिहून ठेवा. मागच्या बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट. हे सगळं कंपनीच्या मेलवर ठेवू नका, कारण विलीनीकरणानंतर एखाद्या सकाळी तो मेल उघडतच नाही. रोस्टरचं ॲपही तसंच, जुन्या नोंदींसकट गायब होतं. मात्र घ्यायचे ते फक्त आपले कागद. कंपनीची मॅन्युअल्स नि आतली पत्रं घरी आणण्याचा आगाऊपणा नको, ते उद्या तुमच्याच गळ्याशी येईल.

लॉगबुकाचं काम वेगळं आणि तातडीचं. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, ईजीसीए पोर्टलवर ज्या तासांना कंपनीची मंजुरी अडकलेली आहे, ती जुनी कंपनी जिवंत असेतो मिळवा. नंतर त्या खुर्चीतला माणूस बदलतो, आणि नवा माणूस तुमचे तीन वर्षांपूर्वीचे इंदूर–रायपूर कशाला तपासत बसेल?

आता यादी कशी बनते ते समजून घ्या, कारण तिथेच माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. ढोबळ मार्ग तीन. एक, जॉइनिंगच्या तारखेने. दोन, हुद्द्याने: आधी दोन्हीकडचे कमांडर, मग दोन्हीकडचे एफओ. तीन, प्रमाणात: त्यांचे दोन, तुमचा एक, पुन्हा त्यांचे दोन. एक कंपनी नवी, भराभर विमानं घेणारी. तिथे पोरगं चार वर्षांत कमांडर. दुसरी जुनी, थकलेली. तिथे नऊ वर्षं नोकरी झालेला माणूस अजून उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर. तारीख धरली तर नऊवाला वर, हुद्दा धरला तर चारवाला वर. दोघांच्याही बाजूने न्याय्य वाटावं असं उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

अमेरिकेतलं उदाहरण पायलटमंडळींत अजून चघळलं जातं. 2005 मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एक झाल्या. यादीचा निवाडा जॉर्ज निकोलाऊ नावाच्या लवादाने 2007 मध्ये दिला. त्यात वरचे पाचेकशे जागतिक मार्गांवरचे यूएस एअरवेजवाले सोडले, तर बाकीच्यांत सोळा-सतरा वर्षं नोकरी झालेले पूर्वेचे (यूएस एअरवेजचे) पायलट पश्चिमेच्या (अमेरिका वेस्टच्या) अगदी नव्या पायलटांच्या शेजारी आले. पूर्ववाले एवढे भडकले, की त्यांनी जुनी युनियनच मतदानाने घालवली आणि नवी काढली. भांडण इतकं लांबलं, की 2013 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सशी पुढचं विलीनीकरण झालं तरी पहिलं मिटलेलं नव्हतं. त्याआधी 2001 मध्ये अमेरिकनने टीडब्ल्यूए ही कंपनी घेतली तेव्हा तिकडच्या बऱ्याच पायलटांना सरळ यादीच्या तळाशी नेऊन चिकटवलं होतं. त्यावरून बोध घेऊन 2007 च्या अखेरीस तिथे कायदा झाला: याद्या न्याय्य रीतीने जोडा, जमत नसेल तर लवादाकडे जा. आपल्याकडे विमान कंपन्यांसाठी असा खास कायदा नाही. म्हणून आपला कागद हाच आपला कायदा.

घरचं उदाहरण लांब जायला नको. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स 2007 मध्ये एकत्र केल्या, पण पायलट वर्षानुवर्षं दोनच राहिले. दोन युनियन, दोन पगारपद्धती. 2011 मध्ये इंडियन एअरलाइन्सकडच्यांनी समान पगारासाठी संप केला. 2012 मध्ये एअर इंडियाकडचे 58 दिवस बाहेर राहिले आणि ठिणगी होती ड्रीमलायनरचं ट्रेनिंग. नवं विमान कोणाच्या हाती? कमांड कोणाला आधी? हे दोन्हीकडचं निस्तरायला 2011 मध्येच न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती बसवावी लागली होती. कागदावर कंपनी एक व्हायला एक सही लागते. कॉकपिट एक व्हायला किती लागतं हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

मग तुम्ही काय करायचं? यादी येण्याची वाट बघू नका. विलीनीकरण जाहीर झालं की आठवड्याच्या आत एचआरला एक छोटा मेल टाका. आशय एवढाच: "माझी कंपनीतली रुजू होण्याची तारीख अमुक आहे, अपॉइंटमेंट लेटर जोडलं आहे. सिनियॉरिटी, ग्रॅच्युइटी आणि रजा यांसाठी हीच तारीख पुढेही धरली जाईल, याची कृपया लेखी खात्री द्यावी." ना राग, ना टोमणा, ना युनियनला सीसी. उत्तर आलं तर सोनं. नाही आलं तर पंधरा दिवसांनी तोच मेल परत. दुसऱ्या खेपेला मला उत्तर आलं ते एका ओळीचं, "नोंद घेतली" एवढंच. यादीच्या वेळी तीच ओळ समोर ठेवली आणि नंबर दुरुस्त झाला. ग्रॅच्युइटीचं मुद्दाम घातलंय, कारण तिला साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी लागते. साडेचार वर्षं झालेली असताना नव्या कंपनीने शून्यापासून मोजायला घेतलं, तर कळणारसुद्धा नाही. पीएफचा यूएएन एकच आहे ना, तेही बघा.

आता पगार. इथे एका गोष्टीवर नजर ठेवा: हमीचे तास किती, म्हणजे कमी उडलात तरी ज्यांचे पैसे मिळतातच ते. 2024 च्या सुरुवातीला, एअर इंडियात विलीन होऊ घातलेल्या विस्ताराच्या पायलटांची जी नाराजी पेपरांत गाजली, तिच्या मुळाशी हेच होतं. हमीचे 70 तास होते त्याचे 40 होणार. एप्रिलमध्ये पायलट कमी पडून फेऱ्या रद्द झाल्या आणि कंपनीला रोजची उड्डाणं साधारण दहा टक्क्यांनी कमी करावी लागली. ते प्रकरण बाजूला ठेवा, नुसतं गणित करू. समजा तासाचा दर 3,000 रुपये. हमी 70 तासांची असेल आणि तुम्ही 55 तास उडलात, तरी हातात 2,10,000. हमी 40 ची झाली, की त्याच 55 तासांचे 1,65,000. एका महिन्यात 45,000 चा खड्डा. आणि 80 तास उडलात तर? दोन्हीकडे 2,40,000, फरक शून्य. म्हणून एचआरचा माणूस नेहमी 80 तासांचंच उदाहरण देतो. तुम्ही सिम्युलेटरचा महिना, रजेचा महिना, जुलैत पाय मुरगळून घरी बसलेला महिना घेऊन मोजा. डीजीसीएची मर्यादा वर्षाला 1,000 तास, म्हणजे महिन्याला सरासरी साधारण 83. "भरपूर उडून भरून काढशील" ह्या वाक्याला वर छप्पर आहे ते असं.

माझ्या नवऱ्याने डायनिंग टेबलावर बसून माझ्या मागच्या बारा स्लिपांतले तास एका कागदावर मांडले आणि नव्या दराने प्रत्येक महिना परत काढला. पाऊण तास लागला. घराचा हप्ता कोणत्या महिन्यात अडतो ते त्याच कागदावर दिसलं, आणि आम्ही गाडीचा विचार सोडून दिला. हे करा. बाकीच्या चर्चा क्रू रूममध्ये होतातच.

निवृत्तीचं वयही विचारून घ्या. विस्तारात 60 होतं, एअर इंडियात तेव्हा 58. पन्नाशी ओलांडलेल्याला ही दोन वर्षं म्हणजे दोन वर्षांचा कमांडरचा पगार. पंचविशीतल्या पोरांना हा मुद्दा म्हाताऱ्यांचा वाटतो. पण वरचे दोन वर्षं जास्त बसले, तर तुमची डावी सीटसुद्धा तेवढीच पुढे जाते.

"मग मी सोडूनच जातो" असं म्हणणाऱ्यांना दोन शब्द. डीजीसीएच्या नियमाने कमांडरला एक वर्षाची नोटीस आणि को-पायलटला सहा महिन्यांची. कंपनीने राजीनामा लवकर मंजूर करून एनओसी दिली तरच सुटका आधी. रागाच्या भरात सोमवारी राजीनामा दिला, की पुढचे सहा महिने त्याच लोकांबरोबर, त्याच रोस्टरवर उडायचं असतं. बॉण्डची राहिलेली रक्कम कोण मागणार, जुनी कंपनी की नवी, हे करारात "उत्तराधिकारी" असा शब्द आहे का ते पाहून कळतं. नसला तरी वकिलाला विचारल्याशिवाय उड्या मारू नका. शंभर पानं वाचायला वकील जे घेईल, ते बॉण्डपेक्षा कमीच असतं.

आजारी पडण्याचं हत्यार वापरू नका. खरंच बरं नसेल, झोप होत नसेल, डोक्यात यादीच फिरत असेल, तर सांगा की उडण्याच्या स्थितीत नाही. तो तुमचा हक्कही आहे आणि मागे बसलेल्या 180 लोकांचाही. पण शेजाऱ्याने कळवलं म्हणून आपणही कळवायचं, हा संप असतो आणि पुढे तो संप म्हणूनच मोजला जातो. 2012 च्या संपात शंभराच्या आसपास पायलट नोकरीवरून काढले होते. बहुतेक परत आले, पण मधल्या महिन्यांत घरात काय झालं ते त्यांनाच विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिताना समोर एचआर बसलेला आहे असं धरून लिहा. बहुधा असतोच.

आणि सगळ्याच सौद्यांवर विश्वास ठेवू नका. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला थांबली. तेव्हापासून "आता कोणीतरी घेतंय" ह्या बातमीवर लोकांनी वर्षं काढली. खरेदीदार ठरला, योजना मंजूर झाली, आणि 7 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. वाट बघताना मेडिकल चालू ठेवा, सिम्युलेटरचा चेक चालू ठेवा. लायसन्स जिवंत असलेला माणूस कोणालाही हवा असतो.

राहता राहिलं विलीनीकरणाच्या दिवसाचं. एसओपीतले, म्हणजे विमान चालवायच्या ठरलेल्या पद्धतींतले, फरक शिकवतात, त्याची काळजी नको. गोची होते ती कॉलसाइनची, म्हणजे रेडिओवर घ्यायच्या कंपनीच्या नावाची. बारा वर्षं तोंडात बसलेलं नाव एका मध्यरात्रीनंतर चालत नाही. मास्किंग टेपच्या पट्टीवर नवं कॉलसाइन मोठ्या अक्षरांत लिहा आणि समोर नजरेच्या वाटेत चिकटवा. मी चिकटवली होती, तरीही नागपूरच्या हद्दीत शिरताना जुनंच नाव गेलं तोंडातून. कंट्रोलरने शांतपणे नवं नाव घेऊन उंचीची लेव्हल दिली. रीडबॅकला, म्हणजे त्याची सूचना परत म्हणून दाखवताना, मी नवं म्हणाले. उजव्या सीटवरचा पोरगा हसला. तो पलीकडच्या कंपनीतला होता.