घरच्या सुतारकामासाठी नेल गन आणि एअर कॉम्प्रेसर कसा निवडावा

हौसेने सुतारकाम करणारे बहुतेक जण आधी कॉम्प्रेसर (हवा दाबून टाकीत भरणारे यंत्र) विकत घेतात आणि मग त्याला कोणती नेल गन (त्या हवेच्या दाबाने खिळे मारणारे साधन) जोडता येईल याचा शोध सुरू करतात. हा क्रम उलटा असावा. आपण काय बनवणार आहोत हे ठरले की कोणता खिळा लागेल हे ठरते, खिळ्यावरून गन ठरते आणि गनला किती हवा लागते यावरून कॉम्प्रेसर ठरतो. या क्रमाने विचार केल्यास बऱ्याच घरांना दुकानदार सुचवतो त्यापेक्षा लहान यंत्र पुरते, असे दिसून येईल.

आपल्याकडचे घरगुती काम मुख्यतः प्लायवूडचे असते. १८ किंवा १९ मिलिमीटरच्या प्लायचे खोके, ६ मिलिमीटरचा बॅक प्लाय, कडेला सागवानी लिपिंग (कड झाकणारी पट्टी) आणि वर बीडिंग (शोभेची बारीक पट्टी), अशी त्याची साधारण रचना असते. यातले बहुतेक जोड खरे तर डिंक धरून ठेवतो. डिंक वाळेपर्यंत तुकडा हलू नये एवढेच गनच्या खिळ्याचे काम असते. हे ध्यानात ठेवले की फार जाड खिळ्यांचा मोह राहत नाही. जिथे वजन पेलायचे आहे, उदाहरणार्थ पुस्तकांची फळी किंवा भिंतीवरचे कपाट, तिथे डिंकासोबत स्क्रूच हवेत आणि त्याला गन हा पर्याय नाही.

खिळ्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका खिळा बारीक असतो. बाजारात एफ-३० आणि एफ-५० या नावांनी मिळणाऱ्या गन १८ गेजच्या असतात. त्यांचे ब्रॅड, म्हणजे लहान डोक्याचे बारीक खिळे, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड असून नावातला आकडा खिळ्याची कमाल लांबी मिलिमीटरमध्ये दाखवतो. पिन गन २३ गेजची असते. तिची पिन जेमतेम ०.६ मिलिमीटरची आणि बहुधा बिनडोक्याची असल्यामुळे तिच्या छिद्रात पुट्टी भरण्याची फारशी गरज पडत नाही. मात्र ती एकटी काहीही धरून ठेवू शकत नाही. काँक्रीटमध्ये खिळे मारणाऱ्या टी-नेल गनची घरच्या फर्निचरला गरज नसते.

खिळ्याची लांबी ठरवताना वरच्या तुकड्याच्या जाडीच्या सुमारे तिप्पट, हा जुना हिशेब चांगला चालतो. ६ मिलिमीटरचा बॅक प्लाय ठोकायला २० मिलिमीटरचा ब्रॅड पुरतो. १८ मिलिमीटरच्या दोन फळ्या काटकोनात जोडायच्या असतील तर ५० मिलिमीटरपर्यंत जावे लागते. एकच गन घ्यायची असेल तर मी एफ-५० सुचवेन, कारण तिच्यात लहान ब्रॅडही चालतात. फक्त किमान लांबी किती चालते ते माहितीपत्रकात पाहून घ्यावे. ती हाताला जड लागते, हे खरे. ज्यांचे काम बीडिंग, फोटोच्या चौकटी आणि लहान पेट्या एवढ्यापुरतेच आहे, त्यांना एफ-३० आणि नंतर जमल्यास पिन गन ही जोडी जास्त सुखाची ठरेल.

आता हवेचा हिशेब पाहू. या गन साधारण ६० ते १०० पीएसआय दाबावर चालतात आणि १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. लहान कॉम्प्रेसर सहसा ८ बारला बंद होतात, म्हणजे दाबाची अडचण येत नाही. २५ लिटरच्या टाकीतला दाब ८ बारवरून ५ बारवर येईपर्यंत ७५ लिटर मोकळी हवा मिळते. एका ब्रॅडला ढोबळमानाने एक लिटर हवा धरली, तरी मोटर पुन्हा सुरू न होता पाऊणशे खिळे मारून होतात. घरी सलग एवढे खिळे क्वचितच मारले जातात. म्हणून गनपुरती २४-२५ लिटरची टाकी आणि १ ते दीड एचपीची मोटर पुरेशी आहे. याच यंत्रावर पुढे पॉलिशची स्प्रे गन किंवा हवेवरचा सँडर चालवायचा विचार असेल, तर मात्र सगळे गणित बदलते, कारण ही साधने अखंड हवा खातात. तेव्हा सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते याचा, आकडा महत्त्वाचा ठरतो. त्यातही खोक्यावर छापलेला पंपाचा सैद्धांतिक आकडा बाजूला ठेवून प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा किती, म्हणजे एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी), हे विचारावे.

सोसायटीत राहणाऱ्यांनी आवाजाला सगळ्यात जास्त महत्त्व द्यावे. बेल्टवर चालणारे तेलाचे कॉम्प्रेसर टिकाऊ असतात, पण ते वर्कशॉपचे यंत्र आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत ‘सायलेंट’ म्हणून विकला जाणारा ऑइल-फ्री प्रकारच शेजारी सहन करतील.

दीड एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे तिला १६ अँपिअरचा सॉकेटच द्यावा. बारीक तारेचे लांब एक्स्टेंशन लावल्यास व्होल्टेज पडते, मोटर अडखळते आणि तापते. लांबी हवी असेल तर वायरऐवजी हवेचा पाइप लांब घ्यावा. मोटरचे वाइंडिंग तांब्याचे आहे का, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे.

पुण्यातल्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर खरेदी करणार असाल, तर यंत्र दुकानातच चालवून पाहण्याचा आग्रह धरा. टाकी भरून मोटर बंद होताना ‘फुस्स’ असा छोटा आवाज यायला हवा. तो पंपावर अडकलेली हवा सोडणाऱ्या झडपेचा असतो आणि तो आला नाही तर पुढच्या वेळी मोटर सुरू व्हायला कुरकुर करते. त्यानंतर दहा मिनिटे थांबून दाब दाखवणारा काटा खाली सरकतो का ते पाहावे. गनचे आणि पाइपचे कपलर (जोडणीची तोंडे) एकमेकांत बसतात याची खात्रीही तिथेच करून घ्यावी.

कॉम्प्रेसर ऑइल-फ्री असला म्हणजे गनलाही तेल नको, असा समज बऱ्याच जणांचा होतो. माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिले नसेल, तर काम सुरू करण्यापूर्वी गनच्या हवेच्या तोंडात न्यूमॅटिक तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत आणि पहिले काही खिळे टाकाऊ फळीत मारावेत, नाहीतर बाहेर पडणाऱ्या हवेतले तेल पॉलिश न केलेल्या सागावर डाग पाडते. टाकीच्या तळाची नळी काम संपल्यावर रोज उघडून पाणी काढावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, ते बरेच निघते आणि साठू दिले तर टाकी आतून गंजते.

डोळ्यांवर गॉगल हवाच. ब्रॅड गाठीला लागून वाकतो आणि कडेने बाहेर येतो, म्हणून लाकूड धरलेला हात खिळ्याच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर ठेवावा. अनेक स्वस्त गनना टोकाशी सुरक्षा-पट्टी नसते आणि नुसता घोडा दाबला तरी खिळा सुटतो, त्यामुळे फिरताना बोट घोड्यावर ठेवू नये. खिळा अडकला, तर आधी पाइप काढावा, मगच मॅगझिन (खिळ्यांचा कप्पा) उघडावे.