चॅनल ३ चा शहाणपणा मला असा नडला

रात्रीचे आठ वाजले की आमचं वायफाय मान टाकायचं. मीटिंगमध्ये समोरच्याचं तोंड उघडंच राहायचं, आवाज गायब. नेटवाला दोनदा येऊन "लाइन ओके आहे साहेब" म्हणून गेला. लाइन ओकेच होती. लॅपटॉपला केबल लावली की सगळं सुरळीत.

शेवटी मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकलं. आसपास चौदा नेटवर्क, बहुतेक चॅनल १ आणि ६ वर (चॅनल म्हणजे वायफायच्या लहरींच्या पट्ट्यातली ठरलेली जागा). मी ३ वर. 'तिथं गर्दी नाही' म्हणून मीच केलेली सेटिंग!

गंमत इथेच आहे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनल ५-५ मेगाहर्ट्झवर असतात, पण सिग्नल २० मेगाहर्ट्झ रुंद. म्हणजे ३ वाला १ वरही सांडतो, ६ वरही. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात, ते संपेपर्यंत थांबतात, मग आपली पाळी घेतात. शेजारच्या चॅनलवरचं बोलणं त्यांना नुसती खरखर वाटते. ती फार मोठी नसेल तर थांबतच नाहीत, वरून बोलतात. मग पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, खराब, पोच नाही, पुन्हा पाठवा.

११ वर आलो, तिथं दोनच शेजारी होते. सिग्नलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवरून २० केली. राउटरचा पिंग, म्हणजे त्याच्याकडून उत्तर यायला लागणारा वेळ, आधी मध्येच ३०० मिलिसेकंदांवर उडायचा, आता ५ च्या आसपास.

मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच कोकलतो, आणि तो कुणासाठी थांबत नाही. सध्या मीटिंग असली की आई पापड गॅसवर भाजते.